फिरत्या घराचा फाटका पत्रा

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचे घर ही कल्पना आपल्याकडे अद्याप फारशी रुळलेली नाही. अमेरिकेत मात्र ती चांगलीच जुनी आहे. तेथील अशा घरांत ‘एअरस्ट्रीम’ हे सर्वांत देखणे. चकचकीत ॲल्युमिनियमचे, चारी कोपऱ्यांनी गोलसर, आणि अंगावर रिव्हेटांच्या रांगाच रांगा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेली ही घरे तेथील कुटुंबे आजही हौसेने वापरतात. परंतु एखाद्या वळणावर झाडाची फांदी लागते, गाडी मागे घेताना खांब आदळतो, आणि पत्रा फाटतो. मग घरधन्यापुढे प्रश्न उभा राहतो. ठिगळ लावून भागवावे, की सबंध पत्राच बदलावा?

याचे उत्तर या घराच्या जन्मकथेत दडलेले आहे. हॉली बोलस हा ग्लायडर बांधणारा कुशल कारागीर. लिंडबर्गने १९२७ मध्ये ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्यांत हा बोलस होता. त्याने १९३४ मध्ये विमानाच्याच पद्धतीने ॲल्युमिनियमचे फिरते घर बांधले. त्याचा धंदा टिकला नाही. पण वॉली बायम याने तो आकार उचलला आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ हे एअरस्ट्रीम बाजारात आणले. पुढे १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना जंतुसंसर्गाच्या भीतीने ज्या बंद खोलीत ठेवले होते, तीही एअरस्ट्रीमचेच रूपांतर होती.

विमानाची पद्धत म्हणजे काय? आपल्या घराला खांब-तुळया आधार देतात. छपराचा पत्रा केवळ पाऊस अडवतो. येथे तसे नाही. आतील बारीक फासळ्या आणि बाहेरील पत्रा असे दोघे मिळून भार वाहतात. पत्रा म्हणजे या घराचे कातडे खरे, पण त्याच्या हाडांचे निम्मे कामही तोच करतो. म्हणूनच एका वेळी अनेक पत्रे उतरविले, तर सांगाड्याचा आकार बिघडण्याचे भय असते. जाणते लोक एकच पत्रा काढतात, आणि तोही आतून टेकू देऊन.

प्रथम आतील अस्तराचे पत्रे आणि त्यामागील काचलोकर काढावी लागते. मग प्रत्येक रिव्हेटाच्या डोक्याच्या मध्यावर खूण करून छिद्रक चालवावयाचा, डोके उडवावयाचे आणि उरलेली दांडी हलक्या हाताने ठोकून काढावयाची. येथे उतावीळपणा महाग पडतो. छिद्रक जरा सरकला, की फासळीतील भोक लांबट होते आणि तेथे अधिक जाड रिव्हेट घालण्याची पाळी येते.

फाटका असला तरी जुना पत्रा फेकावयाचा नाही. नव्याचा साचा तोच. त्याच्यावरूनच भोके उतरवून घ्यावयाची. पत्र्याची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. मूळ पत्रा पुष्कळदा ताम्रमिश्रित कठीण ॲल्युमिनियमचा असून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो थर मूळ धातूला गंजण्यापासून राखतो. म्हणून चकाकीच्या मोहाने घासघासून तो झिजविणे हा शहाणपणा नव्हे. नवा पत्रा ‘क्लेको’ नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी जागोजाग धरून ठेवतात. तो नीट बसला आहे, कोठे फुगला नाही, याची खात्री झाली, की मगच रिव्हेट.

आणि येथून पुढे हे काम एकट्याचे राहत नाही. बाहेर उभा असलेला माणूस हवेच्या दाबावर चालणारी हातोडी रिव्हेटाच्या डोक्यावर धरतो. आत बसलेला दुसरा माणूस पोलादाचा जड ठोकळा दांडीच्या टोकाला टेकवून धरतो. हातोडी चालली, की ते टोक ठोकळ्यावर चेपून पसरते आणि पत्रा फासळीला घट्ट आवळला जातो. कढईचे कान बसविताना कारागीर हेच करतो. फरक इतकाच, की कढईच्या दोन्ही बाजू त्याच्या एकट्याच्या नजरेखाली असतात. येथे मध्ये पत्र्याची भिंत. ठोकळा तिरपा झाला, तर टोक वाकडे चेपते. ठोकळा टेकण्यापूर्वीच हातोडी चालली, तर पत्र्याला कायमचा पोचा पडतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांत सहस्रावधी अमेरिकन स्त्रियांनी अशाच जोडीजोडीने हे काम केले. गोंगाटात शब्द ऐकू येत नसत, म्हणून पत्र्यावर टिचकी मारून आतला माणूस बाहेरच्याला खूण करी.

शेवटचे काम पाणी अडविण्याचे. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला हवा, कौलावर कौल असते तसा. सांध्यात लवचीक लांबी भरावयाची. एवढीशी फट राहिली, तरी पाणी भिंतीच्या आतून खाली उतरते. वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. आणि एके दिवशी पाय टेकताच प्लायवूडची जमीन दबते, खालची पोलादी चौकट गंजलेली आढळते.

म्हणून केवळ डाग झाकणारे ठिगळ पुरत नाही. छोटे छिद्र असेल, तर नीट रिव्हेट मारलेला तुकडाही चालतो. पण चीर फासळीवर गेली असेल, तर पत्रा बदलणेच इष्ट. नवा पत्रा शेजारच्या जुन्यांत काही वर्षे उठून दिसेल. दिसेना का! त्याच्यावरील रिव्हेटांच्या सरळ रांगा पाहून जाणता माणूस ओळखील, की या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघे उभे होते, आणि एकमेकांना न पाहताही त्यांचे हात जुळले होते.