ज्ञानकोशातील न्याय : एका कंपनीची नोंद कशी लिहावी?

मराठी वाचकास ज्ञानकोश हा शब्द नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागीदारांचे भांडवल उभारून कंपनी काढली आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्धीस नेले. पुढे गोमंतकात जन्मलेल्या पं. महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड दिले. वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. या सर्व ग्रंथांत एक गोष्ट समान होती. मजकुरात काही उणे आढळले, तर जबाबदार कोण हे मुखपृष्ठावरच छापलेले असे.

इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशाची रीत निराळी आहे. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. येथे कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे. झालेला प्रत्येक बदल त्या पानाच्या इतिहासात नोंदलेला राहतो. अशा ठिकाणी एकच जबाबदार संपादक नसतो. मग नोंदीत न्याय राहावा कसा? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका अवघड उदाहरणावरून करू इच्छितो. ते उदाहरण आहे घरगुती इंटरनेटची उपकरणे विकणाऱ्या कंपनीचे.

नदी, पर्वत किंवा प्राचीन ग्रंथ यांविषयी लिहिताना फारसे कोणी हातघाईवर येत नाही. कंपनीचे तसे नाही. तिचा जाहिरात-विभाग स्तुती लिहू पाहतो. ज्याचे उपकरण बिघडले तो ग्राहक निंदा लिहू पाहतो. प्रतिस्पर्धी संधीची वाट पाहत असतो. आणि तिसरीकडे एखादे कुटुंब, खरेदीस निघण्यापूर्वी, ते पान विश्वासाने वाचत असते. नोंद लिहावयाची ती या वाचकासाठी.

प्रथम वस्तू समजून घेऊ. आपल्या घरात येणारी इंटरनेटची तार ज्या छोट्या पेटीस जोडलेली असते आणि जी पेटी घरातील सर्व फोन व संगणक यांना ते जोडणे वाटून देते, तिला राउटर म्हणतात. घराच्या दारावर जसा पहारेकरी असावा, तशी ही पेटी बाहेरचे जग व घरातील यंत्रे यांच्यामध्ये उभी असते. ती ढिली असेल तर परक्या माणसास आत शिरता येते. म्हणून अशा कंपनीविषयी जे लिहिले जाते, त्याशी घराच्या सुरक्षिततेचा थेट संबंध येतो.

आता उदाहरण. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत डी-लिंक (इंडिया) या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आहे. त्याच वसाहतीत स्मार्टलिंक ही दुसरी कंपनी आहे. या दोहोंचा पूर्वेतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. आज जिला स्मार्टलिंक म्हणतात, ती पूर्वी डी-लिंक (इंडिया) याच नावाने व्यवहार करीत असे. आजची डी-लिंक (इंडिया) २००८ साली नोंदली गेली आणि डी-लिंक या नाममुद्रेचा व्यवसाय तिच्याकडे आला. स्मार्टलिंकने २०११ साली आपला डिजिलिंक हा व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिक या कंपनीस विकला. डिजिसोल हे नावही तिनेच पुढे आणले. मूळ डी-लिंक ही मात्र तैवानची. ती १९८६ साली तैपेई येथे डेटेक्स सिस्टिम्स या नावाने स्थापन झाली. अमेरिकेतील व्यवहार डी-लिंक सिस्टिम्स नावाची आणखी एक कंपनी पाहते.

एकाच नावाच्या छायेत इतक्या संस्था! यावरून नोंदलेखकाचे पहिले कर्तव्य ठरते : कोणाविषयी लिहीत आहोत हे आधी निश्चित करणे. एकीचे यश दुसरीच्या खात्यात जमा करू नये आणि एकीवरील आरोप दुसरीच्या माथी मारू नये. उज्जयिनीतील मुलांस हे समजावयास दूर जावे लागणार नाही. आपल्या जीवाजी वेधशाळेतील सम्राट यंत्राची सावली स्थानिक वेळ दाखविते. घड्याळातील भारतीय प्रमाणवेळेशी तिची तुलना करताना रेखांशाच्या फरकामुळे सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात व ऋतुमानानुसार आणखी थोडी दुरुस्ती करावी लागते. यंत्र खोटे बोलत नाही. पण ते कोठली वेळ सांगते हे न पाहता जो वाचतो, तो चुकतो. कंपनीच्या बातमीचेही असेच आहे. ती कोठल्या कंपनीविषयी आहे, हे आधी पाहावे.

दुसरे कर्तव्य पुराव्याचे. विकिपीडियाच्या मूळ नियमांत तीन गोष्टी येतात : दृष्टिकोन निःपक्षपाती असावा, प्रत्येक विधान वाचकास पडताळून पाहता यावे, आणि लेखकाने स्वतःचे अप्रकाशित संशोधन त्यात घालू नये. कोणा एकाच्या घरी राउटर वारंवार बंद पडत असेल; त्याचा त्रास खरा, पण तेवढ्यावरून ‘या कंपनीचा माल वाईट आहे’ असे वाक्य ज्ञानकोशात लिहिता येत नाही. तद्वत् कंपनीच्या वार्षिक अहवालातून कार्यालयाचा पत्ता किंवा स्थापनेचे वर्ष घेता येईल. ‘अग्रगण्य’, ‘विश्वसनीय’, ‘सर्वोत्कृष्ट’ ही विशेषणे घेता येणार नाहीत. माहितीचा भरवसा कंपनीशी संबंध नसलेल्या, स्वतंत्र व विश्वासार्ह लेखनावर ठेवावा लागतो. वृत्तपत्रात छापलेली कंपनीचीच जाहिरातवजा बातमी हे स्वतंत्र लेखन नव्हे.

तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण आहे. ते म्हणजे गोष्ट शेवटपर्यंत सांगणे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१७ मध्ये तैवानची डी-लिंक व तिची अमेरिकेतील कंपनी यांच्याविरुद्ध कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला. राउटर व कॅमेरे सुरक्षित असल्याची जाहिरात कंपनीने केली, पण सहज टाळता येण्याजोगे दोष दूर केले नाहीत, असा आरोप होता. कॅमेऱ्याच्या प्रणालीत ‘गेस्ट’ हेच नाव व ‘गेस्ट’ हाच परवलीचा शब्द कायमचा बसविलेला होता, हे त्यांतील एक उदाहरण. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायाधीशांनी सहांपैकी तीन आरोप फेटाळले; मात्र ते सुधारून पुन्हा मांडण्याची मुभा ठेवली. जुलै २०१९ मध्ये तडजोड झाली. अमेरिकेतील कंपनीने सुरक्षिततेचा सर्वंकष कार्यक्रम राबविण्याचे आणि दहा वर्षे, दर दोन वर्षांनी, त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचे मान्य केले. तडजोडीत दंड नव्हता आणि खटला चालून दोषसिद्धीचा निर्णयही झाला नव्हता.

ही एकच हकीकत तीन प्रकारे लिहिता येते. ‘ग्राहकांची फसवणूक केल्याबद्दल कंपनीवर खटला’ एवढेच लिहून थांबलो, तर आरोप हाच निर्णय असल्याचे वाचकास वाटेल. ‘न्यायालयाने आरोप फेटाळले’ एवढेच लिहिले, तर उरलेले तीन आरोप व नंतरची दहा वर्षांची बंधने आपण लपविली. ‘काही वाद झाले, पण ते मिटले’ असे गुळमुळीत लिहिले, तर कोणाचाच रोष ओढवणार नाही. पण कोणास काही कळणारही नाही. यांतील पहिल्या दोन वाक्यांना आधार दाखविता येईल, आणि तरीही ती अन्याय्य आहेत. न्याय्य नोंद आरोप, त्याचा तपशील, न्यायालयाचे म्हणणे आणि शेवट हे सर्व कालक्रमाने सांगेल, आणि हा दावा गोव्यातील कंपनीविरुद्ध नव्हता, हेही स्पष्ट करील.

पुष्कळांची समजूत अशी की निःपक्षपात म्हणजे दोन्ही बाजूंस सारखी जागा देणे. एक परिच्छेद स्तुतीचा, एक निंदेचा, की झाला न्याय! आमच्या मते ही तराजूची चुकीची कल्पना आहे. वाणी दोन्ही पारड्यांत सारखाच माल घालीत नाही. एका पारड्यात माप ठेवतो व दुसऱ्यात त्या मापाइतका माल. ज्ञानकोशात हे माप म्हणजे स्वतंत्र पुरावा होय. ज्या गोष्टीविषयी तो विपुल, तिला अधिक जागा. ज्याविषयी अल्प, तिला अल्प. ज्याविषयी मुळीच नाही, तिला जागा नाही.

या मापाचा उपयोग दाखविणारे एक उदाहरण देतो. २००६ साली डेन्मार्कमधील एका संगणकतज्ज्ञाने डी-लिंकविरुद्ध जाहीर पत्र प्रसिद्ध केले. अचूक वेळ सांगणारा एक संगणक तो तेथील इंटरनेट-संस्थांसाठी चालवीत असे, आणि डी-लिंकच्या उपकरणांत त्याचाच पत्ता बसविलेला असल्यामुळे जगभरची उपकरणे त्याला वेळ विचारू लागली होती. त्याच एप्रिल महिन्यात उभय पक्षांनी प्रकरण सलोख्याने मिटल्याचे जाहीर केले. असाच प्रकार २००३ साली नेटगिअर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरांमुळे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बाबतीत घडला होता. ही कथा मनोरंजक आहे. म्हणून ती पानभर लिहिण्याचा मोह होतो. परंतु अनेक वर्षांच्या इतिहासात महिन्याभरात मिटलेल्या प्रकरणास दोन-तीन वाक्ये पुरेत. जे चमचमीत ते महत्त्वाचे, असे नसते.

चौथे कर्तव्य लेखकाच्या स्वतःच्या मनासंबंधी आहे. कंपनीचा नोकर किंवा तिच्याकडून पैसे घेणारा माणूस यांनी तसे उघड सांगितले पाहिजे, असा नियम विकिपीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ साली स्पष्टपणे घालण्यात आला. अशा माणसाने मुख्य लेखास हात न लावता चर्चापानावर आपली सूचना मांडावी, हे बरे. परंतु हितसंबंध केवळ पैशाचाच असतो असे नाही. आम्ही कोकणी बोलणारे. वेर्ण्याच्या उद्योगाचे नाव निघाले की आम्हांस साहजिकच ममत्व वाटते. ममत्व हा दोष नव्हे. पण लेखणी हाती घेताना ते ओळखून बाजूस ठेवावे लागते. ज्याचे पैसे एखाद्या यंत्रात बुडाले आहेत, त्याने आपल्या रागाविषयी हेच करावे.

आता कोणी विचारील, मराठी नोंदीसाठी एवढा खटाटोप कशाला? इंग्रजी पान आहेच की! आमचे उत्तर असे : इंग्रजी पानावर हजारो डोळे असतात, तेथील चूक सहसा लवकर सापडते. मराठीत लिहिणारे व तपासणारे थोडे. येथे एक बेफिकीर वाक्य वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, आणि ज्यांना मराठी हेच ज्ञानाचे दार आहे, ते त्यावरच विसंबतात. त्यामुळे एखाद्या कारखान्यातील कामगारांची अब्रू विनाकारण जाईल, किंवा एखाद्या घराचे दार सुरक्षित असल्याचा खोटा भरवसा मिळेल. लहान भाषिक समूहात प्रत्येक लेखकाच्या वाट्यास मोठी जबाबदारी येते. उज्जयिनीसारख्या, महाराष्ट्रापासून दूरच्या नगरीत मराठी जपणाऱ्या कुटुंबांस हे वेगळे सांगणे नलगे.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत मराठी ज्ञानकोशातील एखाद्या कंपनीचे पान उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. हे कोणत्या कंपनीविषयी आहे? हे वाक्य कोणी, कोठे छापले होते? आरोप असेल तर त्याचा शेवट दिला आहे काय? या गोष्टीस दिलेली जागा तिच्या योग्यतेची आहे काय? जेथे उत्तर मिळणार नाही तेथे खूण करा. पुरावा सापडल्यास दुरुस्ती करा, न सापडल्यास चर्चापानावर नम्रपणे विचारा. आपल्याला न आवडणाऱ्या कंपनीविषयीही खरे तेवढेच लिहिता आले, म्हणजे इतिहास, नागरिकशास्त्र आणि निबंध या तिन्ही विषयांचा अभ्यास एकाच वेळी झाला, असे आम्ही समजू.