तपासणीची तारीख आणि चाकांची खुर्ची

मंडळी, घरातल्या माणसाला चाकांच्या खुर्चीवाचून हलता येत नाही, आणि तपासणीला तर तालुक्याला न्यायचे आहे. कुणीतरी म्हणतेच, "१०८ ला फोन करा की!" २०१४ सालापासून ही गाडी महाराष्ट्रात मोफत धावते खरी, पण ती तातडीच्या प्रसंगासाठी. ठरलेल्या तपासणीला बहुधा खाजगी गाडीच करावी लागते.

ती सांगताना आपण भाडे विचारतो, खुर्चीचे बोलतच नाही. मग दारात गाडी उभी राहते आणि डिकीत गॅसची टाकी! म्हणून खुर्चीची घडी घालून सुतळीने माप घ्या अन् ते आदल्या दिवशीच गाडीवाल्याला दाखवा.

फळी टाकून खुर्चीसकट टेम्पोत चढवू, असे म्हणणारेही भेटतात. अहो, १ फूट उंचीला १२ फूट लांब उतार लागतो. हिशेब तुम्हीच करा.

त्यापेक्षा खुर्चीएवढ्याच उंचीच्या बैठकीची गाडी बघा. पुढचे आसन मागे सरकवा, खुर्ची दाराशी तिरकी लावा, ब्रेक दाबा. आधी कंबर टेकवायची, डोके सांभाळायचे, मग पाय आत. पक्षाघात झालेला हात धरून मात्र ओढू नका, खांदा निखळतो. कुठे धरावे, हे त्या माणसालाच विचारावे. रोजचे त्याला ठाऊक असते.

परतीचे आणि थांबण्याचे पैसेही निघण्यापूर्वीच बोलून घ्या. दवाखान्यातली रांग काही आपल्या घड्याळावर चालत नाही.