सिस्टिक फायब्रोसिस : नियमित तपासणीची पूर्वतयारी

सिस्टिक फायब्रोसिस हा जनुकीय विकार आपल्याकडे विरळा असला, तरी जुनाट कास, स्निग्ध मलप्रवृत्ती व खुंटलेली वाढ असलेले असे बालक वैद्याच्या चिकित्सालयातही येते. निदान झालेल्या रुग्णास साधारणतः दर 3 महिन्यांनी विशेषज्ञांकडे जावे लागते. वजन, उंची, फुफ्फुसक्षमता व कफाचे कल्चर या तेथील नेहमीच्या तपासण्या होत. वर्षातून एकदा यकृताचे कार्य, रक्तातील अ, ड व ई जीवनसत्त्वे आणि छातीचा एक्स-रे पाहतात. वयाच्या 10व्या वर्षापासून ग्लुकोज सहनशीलता चाचणीही करतात. तीस किमान 8 तास उपाशीपोटी जावे लागते.

येथे वैद्याचे कर्तव्य काय? आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाची घटकद्रव्ये व मात्रा यांची लेखी नोंद रुग्णासोबत द्यावी. मिरी व पिंपळीतील पायपरीन काही आधुनिक औषधांचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. म्हणून त्रिकटूचाही उल्लेख वगळू नये. औषधविक्रेत्यांनी लेबल जपून ठेवण्यास सांगावे. या रुग्णांच्या घामातून मीठ अधिक जाते. त्यांना लंघन वा अलवण पथ्य सांगू नये, तसेच पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल बंद करू नयेत. नोंदीत न आलेले चूर्ण तपासणीचा अर्थ बदलते आणि त्याचे परिणाम बालकास भोगावे लागतात.