टर्कीचा पाला बदलताना

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. त्याच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेतल्या किराणा दुकानात सेज आणि थाइमच्या जागा रिकाम्या दिसल्या तर नवल नाही. हातातल्या पाककृतीत मात्र ठरलेली चौकडी असते: सेज, रोझमेरी, थाइम, पार्सली. घरी फ्रीजमध्ये कोथिंबीर आणि कढीपत्ता, डब्यात ओवा आणि कसुरी मेथी. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात मग प्रश्न येतोच, की यातलं काही चाललं तर? चालतं, आणि पुष्कळ चालतं. पण कुठे काय चालेल हे कळायला पाला टर्कीत नेमकं काय करतो ते आधी पाहायला हवं.

मांसाच्या आतपर्यंत जातं ते मीठ. टर्कीवर चोळलेलं मीठ आधी थोडं पाणी बाहेर ओढतं, त्या पाण्यात विरघळतं आणि हळूहळू आत मुरतं. तिथे ते स्नायूंतली काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे भाजताना मांस आवळून रस बाहेर कमी टाकतं. पाल्याचं तसं नाही. सेज किंवा थाइमचा वास ज्या तेलांत असतो ती पाण्यात जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र सहज. आणि कच्च्या मांसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच. म्हणून पाला दोन दिवस चोळून ठेवला तरी त्याची चव वरच्या पातळ थरापलीकडे फारशी जात नाही. पाककृतीतलं मिठाचं प्रमाण आणि वेळ पाळा; पाल्याच्या बाबतीत बरंच स्वातंत्र्य आहे.

मिठाचा हिशोब असा. दर पाच पौंडांना एक मोठा चमचा जाडं कोशर मीठ, म्हणजे बारा पौंडांच्या, साधारण साडेपाच किलोच्या टर्कीला अडीच चमच्यांच्या आत-बाहेर. आपलं बारीक मीठ असेल तर निम्म्यापासून सुरुवात करा, कारण बारीक मीठ चमच्यात घट्ट बसतं आणि वजनाला जास्त भरतं. वेष्टनावर मिठाचं द्रावण घातल्याचं लिहिलेलं असेल तर वेगळं मीठ फार हात राखून. चोळून झालं की दोन दिवस फ्रीजमध्ये, शेवटचे काही तास उघडी ठेवली तर कातडी कोरडी होऊन चांगली कुरकुरते.

आता पाला. त्याची चव खरोखर लागते अशा जागा तीनच: छातीच्या कातडीखाली घातलेलं लोणी, ग्रेव्ही आणि स्टफिंग. पोकळीत कोंबलेल्या काड्यांचा उपयोग मुख्यतः खाली गळणाऱ्या रसाला होतो. तिथे कांदा, लिंबाची फोड, लसणाचा अख्खा गड्डा, कोथिंबिरीच्या काड्या, काहीही घाला. त्या जागेसाठी सेज शोधत तीन दुकानं हिंडणं व्यर्थ आहे.

थाइमची बदली सगळ्यांत सोपी, आणि ती आपल्या मिसळणाच्या डब्याच्या शेजारीच असते. थाइमला त्याचा ओळखीचा वास देणारं मुख्य द्रव्य थायमॉल, आणि ओव्यातही तेच. वनस्पती वेगळ्या, एक पुदिन्याच्या कुळातली तर दुसरी जिऱ्या-बडीशेपेच्या, पण नाकाला नातं लगेच कळतं. फरक तीव्रतेचा आहे. एक मोठा चमचा ताज्या थाइमच्या पानांऐवजी पाव लहान चमचा ओवा पुरे. तो तळव्यावर चुरडून कोमट लोण्यात टाका आणि दहा मिनिटं राहू द्या. जास्त झाला तर जिभेला चुरचुरतो आणि पाहुण्यांना टर्कीऐवजी पोटदुखीचं औषध आठवतं. कुंडीत पानओवा असेल तर त्याची पानं बारीक चिरून वापरता येतात, मात्र त्याचा वास ओरेगॅनोच्या अधिक जवळचा.

सेज अवघड. त्याच्या वासात कापराची झाक असते, चवीला किंचित कडवट, आणि कांद्याबरोबर लोण्यात परतल्यावर तो असा काही खुलतो की इंग्रजांनी हंसात भरायचं सारण पिढ्यान्‌पिढ्या सेज आणि कांद्याचंच केलं. भारतीय स्वयंपाकघरात याला जोडीदार नाही. दुकानात मार्जोरम मिळालं तर तेवढ्याच मापाने घ्या, त्यात चिमूटभर रोझमेरी मिसळा. तेही नसेल तर मसाल्यांच्या फळीवर पोल्ट्री सीझनिंगची डबी बघा. या मिश्रणात बहुधा सेजच पुढे असतो. बॉस्टनचं बेल्स सीझनिंग 1867 पासून विकलं जातंय, आणि त्यात सेज, रोझमेरी, थाइम, मार्जोरम, ओरेगॅनो, आलं, मिरी हे सगळं असतं. कसुरी मेथी घालून पाहणारे आहेत. सेजचा वास तिला येणार नाही, पण चरबीच्या तुपकटपणाला लागणारा कडवटपणा ती देते, आणि स्टफिंगमध्ये मला ती मनापासून आवडते. ग्रेव्हीत मात्र नको. सगळा रस्सा मेथीचा होतो.

रोझमेरी नसेल तर सरळ वगळा आणि थाइम किंवा ओव्यावर भागवा. तिच्या जागी तमालपत्र सुचवतात ते युरोपातलं, भूमध्य समुद्राकडच्या लॉरेलचं पान. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याचा वासही दालचिनी-लवंगेकडे झुकणारा. ते घातल्याने काही बिघडत नाही, पण ग्रेव्हीला पुलावाचा वास येतो हे धरून चला. कढीपत्ता कुणाचीच बदली नाही. तो लोण्यात तडतडवून, पानं काढून, ते लोणी कातडीखाली घातलं तर वेगळीच आणि चांगली टर्की होते, फक्त तिला त्या पाककृतीचं नाव देऊ नये.

पार्सलीऐवजी कोथिंबीर घालताना वेळ महत्त्वाची. सेज, रोझमेरी, थाइम यांची पानं चिवट. त्यांतली तेलं तासन्‌तास उष्णता सोसतात. कोथिंबीर, पुदिना, शेपू ही नाजूक मंडळी. त्यांचा सुवास ओव्हनमध्ये उडून जातो आणि मागे काळपट चोथा उरतो. म्हणून कोथिंबीर ताटात वाढताना, आणि तिच्या काड्या ग्रेव्हीच्या पाण्यात.

ताज्याऐवजी वाळलेला पाला घेताना माप एकतृतीयांश: एका मोठ्या चमच्याला एक लहान चमचा. यातही खोच आहे. सेज दोन रूपांत विकतात, चोळून भुसभुशीत केलेला आणि दळून बारीक पूड केलेला. पूड जास्त दाट बसते, तिला भुसभुशीतच्या निम्मं घ्या. वाळलेल्या पार्सलीवर पैसे घालवू नका, तिला चवच नसते.

लोणी बनवणं सोपं आहे. एक कांडी, म्हणजे साधारण 115 ग्रॅम मऊ लोणी, त्यात बारीक चिरलेला किंवा चुरडलेला पाला, मिरी, लिंबाची किसलेली साल. मीठ आधी चोळलंय, म्हणून लोणी बिनमिठाचं. मानेकडून बोटं सरकवून छातीची कातडी हलकेच सोडवा आणि दोन तृतीयांश लोणी आत पसरा. उरलेलं वरून, पण पाला न घातलेलं. उघड्यावर पाला, लसूण आणि मसाले करपतात, कातडीखाली ते लोण्यात निवांत शिजतात. वरून लावायला तूप अधिक चांगलं, कारण लोण्यातलं पाणी त्यात नसतं.

भाजण्याचे नियम पाला बदलला म्हणून बदलत नाहीत. गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे बारा पौंडांना तीन दिवस. उशीर झालाच तर घट्ट वेष्टनासकट गार पाण्यात, दर पौंडाला अर्धा तास, पाणी दर अर्ध्या तासाने बदलून. अशी सोडवलेली टर्की मात्र लगेच भाजायची. पोकळीतली मान वगैरेंची पिशवी आधी काढा. पक्षी नळाखाली धुऊ नका, जंतू जात नाहीत, ओट्यावर उडतात. ओव्हन 325 अंश फॅरेनहाइटच्या खाली नको. सारण न भरलेल्या बारा पौंडांना तीनेक तास. पण घड्याळ हा अंदाज. खरा साक्षीदार थर्मामीटर. छाती आणि मांडी दोन्हीकडे, हाडाला न लागता, 165 अंश फॅरेनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस. मांडीला त्याहून थोडं जास्त मानवतं, तिथले चिवट धागे मऊ होतात. छाती मात्र पुढे गेली की कोरडी पडते. स्टफिंग वेगळ्या भांड्यात भाजा, कारण पक्ष्यात भरलं तर त्यालाही 165 गाठावं लागतं आणि तोवर छातीचा भुसा होतो.

   

टर्की बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवा, तेवढ्यात ग्रेव्ही होते. पिशवीतली मान आधीच कांदा-गाजराबरोबर पाण्यात उकळायला ठेवलेली असेल, तिच्यात कोथिंबिरीच्या काड्या आणि मिळेल तो चिवट पाला. भाजण्याच्या ट्रेमधली चरबी तीन चमचे, तेवढाच मैदा, खरपूस परता, मग ते पाणी आणि ट्रेमधला रस थोडा थोडा घाला. पाल्याची सगळ्यांत स्पष्ट चव इथे लागते. खरा सेज चार पानंच मिळाला असेल तर तो इथे खर्च करा.

उरलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावी, तीन-चार दिवसांत संपावी. शुक्रवारी तिचे छोटे तुकडे करून कांदा-लसूण मसाल्यावर रस्सा करतात तो आदल्या दिवशीच्या अख्ख्या पक्ष्यापेक्षा कितीतरी मसालेदार लागतो. तुकडा लहान झाला की चव घ्यायला बाजू वाढतात, आणि मसाला तेलात परतलेला असतो.