बाण कुणाच्या हातात?

चर्चगेटपासून डहाणू रोड स्टेशन सुमारे १२४ किलोमीटरवर आहे. २०१३ साली उपनगरी गाड्या विरार ओलांडून डहाणूपर्यंत येऊ लागल्या आणि या भागातल्या नोकरदारांच्या दिवसाला एक नवी शिस्त लागली. पहाटेची गाडी, पाठीवर डबा, जागा मिळाली तर डुलकी, न मिळाली तर उभ्यानेच डुलकी! डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून मोठ्या कारखानदारीवर येथे बंधने आहेत. त्यामुळे चिकूच्या वाड्या, शेती आणि मासेमारी यांपलीकडची नोकरी हवी, तर मुंबईची वाट धरण्यावाचून पुष्कळांना गत्यंतर नसते. डहाणूजवळच्या आगर गावाचीही तीच गोष्ट. ‘आगर’ या शब्दाने किनाऱ्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे माडाची बाग किंवा मिठाचे वाफे येतात. पण अलीकडे या आगरात आणखी एक पीक निघू लागले आहे. ते म्हणजे कचेरीचे काम.

२३ मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे मुंबईच्या उपनगरी गाड्या प्रवाशांसाठी बंद झाल्या. गाडी थांबली, पण काम थांबून कसे चालेल? हिशेबाच्या वह्या आता वह्या राहिल्या नव्हत्या; त्या मुंबईच्या कॉम्प्युटरच्या पोटात होत्या. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवरून कचेरीचा कॉम्प्युटर चालविण्याची युक्ती घरोघर पोचली. तिला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. कचेरीतल्या यंत्राचा पडदा जसाच्या तसा आपल्या पडद्यावर उमटतो. आपण येथे कळ दाबावी आणि तेथे अक्षर उठावे. हीच युक्ती वापरून पुण्यातली किंवा परदेशातली लेक आगरातल्या बाबांचे विजेचे बिल भरून देते.

हे सगळे ज्याच्या जोरावर चालते, तो पडद्यावरचा इवलासा बाण. वारली चित्रात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते. कॉम्प्युटरवाल्यांनी एका त्रिकोणाला शेपूट लावले आणि त्याचा बाण केला. हा बाण सरळ चालतो तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो रुसला की मात्र पगाराच्या दिवशी पगारपत्रक अडते आणि बिलाच्या शेवटच्या तारखेला बिल! म्हणून त्याचे रुसवे कोणते आणि ते काढायचे कसे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे.

उंदीर आणि किडा

दूरचे यंत्र बाणाने चालविण्याची कल्पना कालपरवाची आहे असे कुणी समजू नये. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकाने सुमारे हजार तज्ज्ञांपुढे दीड तासाचे प्रात्यक्षिक केले. त्याच्या हाताखाली एक लहानशी डबी होती. तिला मागे वायर होती, म्हणून ती उंदीर, म्हणजे माऊस, या नावाने ओळखली जाऊ लागली होती. पडद्यावर फिरणाऱ्या खुणेला ती मंडळी ‘बग’, म्हणजे किडा, म्हणत. गंमत अशी की, ज्या कॉम्प्युटरवर तो किडा फिरत होता तो सभागृहात नव्हताच. तो होता सुमारे ४८ किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत! प्रात्यक्षिकात तेथल्या एका सहकाऱ्याने त्याच पडद्यावर आपलाही किडा आणून दाखविला. म्हणजे एक पडदा आणि दोन माणसांचे दोन बाण, हे प्रकरण तेव्हापासूनचेच आहे.

एकाचे दोन बाण

आपला हात हलला की त्याची वर्दी दूरच्या यंत्राकडे जाते. ते यंत्र आपला बाण हलविते आणि पडद्याचे नवे चित्र आपल्याकडे धाडते. या जाण्यायेण्याला वेळ लागतो. हाताला तेवढा वेळ थांबायला लावू नये म्हणून बहुतेक प्रोग्रॅम एक क्लृप्ती करतात: दूरच्या यंत्राकडून बाणाचा फक्त आकार मागून घेतात आणि बाण मात्र आपल्याच यंत्रावर रंगवितात. पण दूरच्या यंत्राने चित्र पाठविताना आपलाही बाण त्यात रंगवून पाठविला तर? मग पडद्यावर दोन बाण दिसतात: एक पुढे पळणारा, दुसरा त्याच्या मागून धापा टाकीत येणारा.

यात बिघड काहीच नाही. पुढे धावतो तो आपला. मागून येतो तो दूरच्या यंत्राचा. अशा बहुतेक प्रोग्रॅमांत दूरचा बाण दाखवावा की नाही, याची एक खूण असते. ती काढली की एकच बाण उरतो. मात्र दूरचे माणूस आपल्याला काही दाखवून देत असेल, तर ती खूण मुद्दाम ठेवावी. नाहीतर ते बोट कुठे दाखवीत आहे हे कळणार कसे?

नेम चुकतो

दुसरी तक्रार अशी: बाण दिसतो एका जागी आणि टिचकी लागते भलतीकडेच. ‘होय’वर टिचकी मारावी तर ‘नाही’ दाबले जाते. येथे एक सोपी परीक्षा करावी. बाण पडद्याच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात न्यावा व टिचकी मारून पाहावी. नंतर उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात. वरती नेम बरोबर आणि खाली जाता जाता चूक वाढत गेली, तर दोन पडद्यांची मापे जुळत नाहीत असे समजावे. नव्या लॅपटॉपवर अक्षरे मोठी दिसावीत म्हणून सगळे चित्र सव्वापट किंवा दीडपट केलेले असते. एका यंत्राने ते मोजले आणि दुसऱ्याने मोजले नाही, की शिंप्याने वारात घेतलेले माप मीटरमध्ये बेतावे तसा प्रकार होतो. पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते प्रमाण दोन्हीकडे शंभर टक्क्यांवर आणावे, जोडणी तोडून पुन्हा करावी आणि प्रोग्रॅमही नव्या आवृत्तीचा घ्यावा.

चूक सर्वत्र सारखीच असेल, तर दूरच्या यंत्राला दोन पडदे जोडलेले आहेत काय, ते पाहावे. कचेऱ्यांतून ही चाल आता रूढ आहे. आपण एकच पडदा पाहत असतो आणि बाण शेजारच्या पडद्यावर फेरफटका मारीत असतो!

बाण गेला कुठे?

तिसरी तक्रार सर्वांत घाबरविणारी. बाण मुळी दिसतच नाही. याची कारणे तीन.

पहिले कारण: दूरच्या यंत्राला माऊसच जोडलेला नसणे. विंडोज पद्धतीचा कॉम्प्युटर माऊस नसला की बाण झाकून ठेवतो. कचेरीतला बिनतारी माऊस कुणी दुसऱ्या टेबलावर नेला, तरी घरबसल्या काम करणाऱ्याचा बाण असा नाहीसा होऊ शकतो. तेथल्या शिपायाला किंवा सहकाऱ्याला फोन करून साधा वायरचा माऊस खोचून ठेवायला सांगावे. तेथे कुणीच नसेल, तर सेटिंगमध्ये ‘माऊस कीज’ नावाची सोय आहे, ती चालू करावी. ती आकड्यांच्या कळांनी बाण चालविण्यासाठी आहे. पण तिच्यामुळे यंत्राला बाण दाखविणे भाग पडते.

दुसरे कारण: टंकलेखन चालू असताना बाण लपविण्याची सोय. माऊस थोडा हलविला की बाण परत येतो. काळजीचे कारण नाही.

तिसरे कारण रंगाचे. मजकुरावर गेला की बाण बारीकशा उभ्या दांडीचे रूप घेतो. ही दांडी मागच्या रंगाच्या उलट रंगात दिसावी अशी योजना असते. पण दूरच्या जोडणीत ती कधी कधी फसते आणि पांढऱ्या कागदावर पांढरी दांडी उमटते. दुधात बगळा शोधण्यासारखेच ते! दूरच्या यंत्राच्या माऊस-सेटिंगमध्ये जाऊन काळ्या बाणांचा संच निवडला की दांडी दिसू लागते.

बाण लंगडतो

“डहाणू मुंबईपासून लांब, म्हणून बाण अडखळतो,” असे पुष्कळ जण म्हणतात. हिशेब करून पाहू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. १२४ किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग आणि वर थोडे, एवढाच वेळ हवा. म्हणजे अंतराला दोष देण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कहून मुंबईचा कॉम्प्युटर चालविणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. ते अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. नुसत्या प्रवासालाच निदान सेकंदाचा आठवा भाग जातो, आणि एवढा उशीर हाताला जाणवतो.

आगरातल्या घरी बाण लंगडत असेल, तर चोर बहुधा घरातच असतो. राउटर एका खोलीत आणि आपण दोन भिंतींपलीकडे. किंवा आपण पगारपत्रक करीत असताना धाकट्याने सिनेमा लावलेला. लॅपटॉपला थेट वायर जोडावी, ती नसेल तर राउटरजवळ बसावे, आणि सिनेमा तासभर पुढे ढकलावा. दूरच्या पडद्यामागचे सुंदर चित्र काढून साधा एकरंगी पडदा ठेवावा आणि चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणावा. चित्र हलके झाले की बाणही हलका होतो.

नकाशे किंवा घरांचे आराखडे काढणाऱ्यांचा बाण कधी कधी भोवऱ्यासारखा फिरू लागतो. हे प्रोग्रॅम ‘बाण कुठे आहे’ हे न विचारता ‘हात किती हलला’ एवढेच विचारतात, आणि दूरची जोडणी बहुधा फक्त जागा कळविते. दोघांची भाषा जुळत नाही. काही प्रोग्रॅमांत यासाठी ‘रिलेटिव्ह माऊस’ अशी सोय असते, ती चालू करावी.

बाण ऐकत नाही

कधी बाण दिसतो, हलतो, पण टिचकीला दाद देत नाही. अशा वेळी दूरच्या यंत्राने परवानगी मागणारी चौकट पुढे केलेली असते. असे काही नवे बसविताना यंत्र मालकाचा होकार मागते, आणि त्या चौकटीला परक्या हाताचा स्पर्श चालत नाही. तेथे बसलेल्या माणसानेच ‘होय’ म्हणावे लागते. हा दोष नव्हे. घराला असावी तशी ती कडी आहे.

आणि बाण जेथे जाईल तेथे सगळे ओढीत नेत असेल, तर जोडणी क्षणभर तुटताना एखादी कळ दाबलेल्या अवस्थेत अडकली असे समजावे. शिफ्ट, कंट्रोल आणि आल्ट या कळा एकेकदा दाबून सोडाव्यात, माऊसची टिचकी एकदा मारावी; बहुधा गाठ सुटते.

शेवटची तक्रार यंत्राची नाही, घराची आहे. लेक पुण्याहून बाण चालवीत असते आणि बाबा मदत म्हणून इकडून माऊस हलवितात. “बाबा, तुम्ही जरा हात काढा बघू!” “अगं, मी तुला वाट दाखवतोय!” एका बैलाच्या दोन कासऱ्या दोघांनी ओढल्या तर बैल काय करील? एकाने चालवावे, दुसऱ्याने फोनवर सांगावे.

परक्याच्या हाती

हसण्यावारी न्यावयाची नाही अशी एक गोष्ट राहिली. जो बाण लेकीच्या हाती मदत करतो, तोच चोराच्या हाती तिजोरी उघडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले होते, की असे दूरनियंत्रणाचे अ‍ॅप लोकांना बसवायला लावून त्यांच्या खात्यातून पैसे काढले जातात. रीत ठरलेली असते. बँकेतून किंवा वीज कंपनीतून बोलतो म्हणून फोन येतो. बिल थकले, आज रात्री वीज तोडणार, अशी भीती घातली जाते. मग एक अ‍ॅप उतरवून घ्यायला आणि त्यावर दिसणारे आकडे वाचून दाखवायला सांगतात. ते आकडे म्हणजे घराची किल्ली. ती दिली की बाण आपला राहत नाही.

आपण हात न लावता बाण हलू लागला, तर विचार करीत बसू नये. इंटरनेट ताबडतोब बंद करावे, यंत्र बंद करावे, बँकेला कळवावे आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा वाचण्याचा संभव अधिक. कुठलीही बँक खातेदाराचा बाण मागत नाही, एवढे एक वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना पक्के सांगून ठेवावे.

दिवाळीत मुले घरी येतील. फराळ होईल, फटाके उडतील, चिकूच्या वाडीत एक फेरी होईल. त्यातला अर्धा तास त्यांनी आईबाबांच्या शेजारी बसावे. पडद्याचे प्रमाण जुळवावे, दूरच्या बाणाची खूण दाखवावी, वायरचा एक माऊस खणात ठेवावा. अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून उघडायचे आणि कुणाच्या नाही, हे स्पष्ट ठरवावे. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी, दूधवाल्याच्या हिशेबाखाली, मोठ्या अक्षरांत १९३० हा आकडा लिहून ठेवावा. मुलांची सुटी संपून गाडी डहाणू रोडहून सुटली, तरी तेवढा आकडा घरात राहील.