काळी नावाचा श्वान आणि एक निवांत दिवस

बंगळुरू म्हटले की संगणक, उद्याने आणि रस्त्यांवरील वाहनांची गर्दी डोळ्यांपुढे येते. मराठी माणसाचे या शहराशी असलेले नाते मात्र फार जुने आहे. सन १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने तिसऱ्या केंपेगौडांकडून ते जिंकले आणि शहाजीराजांना ते जहागीर म्हणून मिळाले. आज म्हैसूर-उटीच्या सहलीला निघालेला प्रवासी बहुधा येथे एका रात्रीचा मुक्काम करून पुढे जातो. त्याने एक दिवस या शहरासाठी राखून ठेवावा आणि तो कस्तुरबा मार्गावरील शासकीय वस्तुसंग्रहालयाला द्यावा.

देशातील जुन्या वस्तुसंग्रहालयांपैकी हे एक. सन १८६५ मध्ये एडवर्ड बाल्फोर यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूरचे तत्कालीन मुख्य आयुक्त बाउरिंग यांच्या पाठिंब्याने ते सुरू झाले. प्रारंभी ते छावणीतील तुरुंगाच्या एका जुन्या इमारतीत होते. त्या भागातील रस्त्याला आजही ‘म्युझियम रोड’ म्हणतात. कब्बन पार्कला लागून असलेली सध्याची उंच खांबांची वास्तू १८७७ मधली. त्या काळी नवलाईच्या वस्तू पाहायला येणारे लोक तिला ‘तमाशा बंगला’ म्हणत. मोहेंजोदडोपासून चंद्रवळ्ळीपर्यंतच्या उत्खननांतील वस्तू, मूर्ती, नाणी, शस्त्रे असा मोठा संग्रह येथे आहे. परंतु सारे काही तासाभरात ‘उरकण्या’च्या मोहात पडू नये. एकाच शिळेपुढे थोडे थांबावे.

ती शिळा आतकूरची. आतकूर हे आजच्या मंड्या जिल्ह्यातील गाव. शिळेवर एक कुत्रा आणि एक रानडुक्कर परस्परांशी झुंजताना कोरलेले आहेत आणि भोवती जुन्या कन्नडमधील लेख आहे. त्याचा काळ शके ८७२, म्हणजे सन ९४९-५०.

लेखाची सुरुवात मोठ्या राजकारणाने होते. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या रणांगणात चोळांचा पराभव केला. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी खोदविले, त्याच घराण्यातील हा राजा. या युद्धात त्याचा मांडलिक, गंग राजा दुसरा बूतुग, याने चोळ राजपुत्र राजादित्याला ठार केले. बूतुगाचा सेवक मणलेर याने रणात मोठे शौर्य गाजविले. प्रसन्न झालेल्या धन्याने ‘हवे ते माग’ म्हटले, तेव्हा मणलेराने मागितला तो धन्याचा काळी नावाचा शिकारी कुत्रा!

पुढे एका भल्यामोठ्या रानडुकरावर काळीला सोडण्यात आले. दोघेही झुंजले आणि दोघेही मेले. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वर मंदिरासमोर काळीच्या स्मरणार्थ ही शिळा उभी केली आणि तिच्या पूजेसाठी जमीन दान दिली. ती जमीन सांभाळणाऱ्या पुजाऱ्याने शिळेची पूजा न करता अन्न घेतले, तर त्याला पाप लागेल, असेही लेखात बजावले आहे. सम्राटाचा विजय आणि एका मुक्या जिवाचे मरण यांना एकाच दगडावर जागा मिळाली. तक्कोलमचे युद्ध अभ्यासकांना या लेखातून उलगडते. सामान्य माणसाच्या मनात मात्र काळीच राहतो.

याच संग्रहात बेगूरचा वीरगळही आहे. आज बंगळुरूचेच उपनगर झालेल्या या गावच्या शिळेवर हत्ती, घोडे आणि सैनिकांची धुमश्चक्री कोरलेली आहे. लढाईत पडलेल्या नागत्तर नावाच्या सरदाराचे ते स्मारक.

वीरगळ महाराष्ट्रालाही परका नाही. कितीतरी गावांच्या वेशीवर, देवळाच्या आवारात असे दगड उभे आहेत. कोठे ते पायरीत बसविले गेले, कोठे त्यांच्यावर धुणे आपटले जाते, तर कोठे शेंदराच्या पुटांखाली अक्षरेच बुजून गेली. आतकूरची शिळा वाचली, कारण कोणीतरी ती ओळखली, तिचा लेख उतरवून घेतला आणि ती सुरक्षित जागी नेली. मणलेराने जे दान ‘कायमचे’ म्हणून दिले, त्याच्या पूजेचा नेम आज कोणी पाळत नसेल. त्या दानाचा शब्द मात्र हजार वर्षांनंतरही जपला गेला आहे. ठेव म्हणजे काय, हे बँकेच्या माणसांना वेगळे सांगायला नको.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर कब्बन पार्कच्या सावलीत घटकाभर बसावे. शेजारीच व्यंकटप्पा कलादालन आणि १९६२ मध्ये सुरू झालेले विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय आहे. मुले बरोबर असतील तर ती तेथे रमतील. निघण्यापूर्वी एक दक्षता घ्यावी. दुरुस्तीच्या कामासाठी दालने बंद असू शकतात, म्हणून आधी चौकशी करून मगच बेत आखावा.

आणि सहलीहून परतल्यावर आपल्या गावच्या वेशीवरचा दगड एकदा निरखून पाहावा. त्याच्यावरही कोणाचे तरी नाव असेल.