दिवसा टिप्पर, रात्री पखवाज

जोयडा तालुक्यात दोन धंदे एकाच वेळी उघडतात आणि एकाच वेळी मिटतात. एक माल वाहण्याचा, दुसरा वाजवण्याचा. शिमगा उरकला की जत्रा, सप्ताह, नाटकं, लग्नं यांची रीघ लागते. चिरे, खडी, वाळू, कौलं, सिमेंट यांच्या फेऱ्याही त्याच महिन्यांत वाढतात, कारण घर असो की विहीर, बांधायची ती मिरगाआधी. मग जो माणूस टिप्परही चालवतो आणि पखवाजही वाजवतो, त्याने करावं काय? कमाईचे दिवस आणि हौसेचे दिवस त्याला त्याच तीन महिन्यांत बसवावे लागतात. बसत नाही ती झोप.

उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा तालुका गोवा आणि बेळगाव यांच्या मधोमध, बहुतेक जंगलातच वसलेला. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं क्षेत्र होईल त्याच्या तिप्पट याचा पसारा, आणि २०११च्या जनगणनेत माणसं जेमतेम ५२ हजारांच्या आसपास. कुणबी, मराठा, गवळी, सिद्दी अशी वस्ती. कचेरीत कन्नड, घरात कोकणी किंवा मराठी, आणि देवळात टाळ हाती आले की तुकोबांचे अभंग. काळी नदीवरचं १०१ मीटर उंचीचं सुपा धरण १९८७ साली पुरं झालं. जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं. उठवलेल्या माणसांतली बरीचशी रामनगरला वसली. हे रामनगर बेळगाव-पणजी महामार्गावर आहे. दारावरून रात्रंदिवस ट्रक जात असले की ड्रायव्हरकी शिकायला पोरांना लांब जावं लागत नाही. जड वाहनाच्या परवान्यासाठी आठवी पास असण्याची अटही केंद्र सरकारने २०१९मध्ये काढून टाकली.

एके काळी याच रस्त्याने बळ्ळारी-होसपेटचं लोहखनिज अनमोड घाट उतरून गोव्याच्या बंदराकडे जाई. कर्नाटकने जुलै २०१०मध्ये खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतलं खाणकाम थांबवलं, आणि २०१२मध्ये गोव्यातल्या खाणीही बंद पडल्या. खनिजाचं भाडं बारमाही नव्हतं, पण मोठं होतं. ते गेल्यावर उरलं ते चिऱ्यांचं आणि बांधकामाचं भाडं, आणि ते उन्हाळ्यावर अवलंबून.

या दिवसांत ड्रायव्हर पहाटे निघतो, कारण चढणीवर गाडी तापते आणि केबिन तर इंजिनाच्या शेजारीच. २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण गावातला टिप्पर कितव्या हाताचा असतो हे गावाला माहीत असतं. भरायला वेळ, उतरवायला वेळ, मधे टायर पंक्चर. फोनला रेंज मिळाली की पहिला प्रश्न मालकाचा आणि दुसरा मंडळाचा: ‘गाडी कुठवर आली? सात वाजता सप्ताहाला बसायचंय.’

अनमोडच्या वळणांवर डावा हात गिअरवरून फारसा हलत नाही. दांड्याची थरथर तळव्यातून मनगटापर्यंत चढते. रात्री त्याच डाव्या हाताने पखवाजाच्या धुमेवर मोकळी थाप मारायची असते, आणि तिची गोलाई सैल मनगटाशिवाय येत नाही. म्हणून अनुभवी वादक आल्या आल्या वाजवायला बसत नाही. हात धुतो, चहा घेतो, मग कणीक मळायला घेतो. धुमेच्या मध्यावर कणकेची टिकली थापल्याशिवाय पखवाजाला खर्ज येत नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या रात्री ही कणीक दोन अभंगांत सुकून तडकू लागते आणि पाण्याचा हात लावत बसावं लागतं. दुसऱ्या बाजूला शाईच्या तोंडाचं उलट असतं. कोरड्या हवेत चामडं ओढून घेतं, स्वर वर चढतो, आणि वाद पेटीच्या पट्टीवर जातो. मग हातोडी घेऊन वादीखालचे गट्टे ठोकत स्वर उतरवायचा. पावसाळ्यात याच चामड्याचा सूर बसतो, तेव्हा ते शेकावं लागतं. म्हणून पखवाज केबिनमध्ये ठेवून दिवसभर फिरवणं हा मूर्खपणा, हे प्रत्येक जण सांगतो; आणि घरी जाऊन आणायला वेळ नसल्याने प्रत्येक जण तेच करतो. गोणपाटात गुंडाळून सीटच्या मागे.

भजनाचे पैसे नसतात. नारळ, विडा, जेवण एवढंच. लग्नाच्या वाजपाची सुपारी घेतली तर चार पैसे दिसतात, आणि नाटकाला साथीला बसलं तर मान मिळतो, पण रात्र जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. गावच्या नाटकाचा पडदा मुळात दहालाच वर जातो, त्यामुळे या नियमाचं काय होतं हे न विचारलेलं बरं. सिद्दींच्या वाड्यांवर दमामी नाच सुरू झाला की तोही घड्याळ बघत नाही.

गाडी आणि वाद्य यांची जोडी जगाला नवी नाही. एल्व्हिस प्रेस्ली १९५४मध्ये मेम्फिसच्या एका विद्युत कंपनीचा ट्रक चालवत होता आणि त्याच जुलैत त्याचं पहिलं गाजलेलं गाणं ध्वनिमुद्रित झालं. त्याने ट्रक सोडला. जोयड्यातल्या वादकाला ट्रक सोडून चालत नाही, आणि वाजवणं सोडायचं त्याच्या मनात येत नाही.

धोका आहे तो पहाटे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. पण कायदा स्टिअरिंगवरचे तास मोजतो, पखवाजावरचे नाही. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखा वागतो. आपल्याकडे चालकासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे भजनात रात्र जागवून, थेंबही न घेता, माळकरी ड्रायव्हर पहाटे कायद्याच्या हिशेबाने ‘प्यायलेल्या’च्या पुढे गेलेला असतो, आणि पोलिसांच्या फुंकणीत काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. मंडळ दुसऱ्या गावी निघतं ते बहुधा ४०७ टेम्पोच्या हौद्यात बसून. टाळकरी, पेटी, सतरंजी, दोन-चार पोरं. मालवाहू गाडीतून माणसं नेणं नियमाबाहेरचं आहेच. शिवाय अशा फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये आशाराणी प्रकरणात स्पष्ट केलं. अपघात झालाच तर दावा मालकाच्या आणि चालकाच्या डोक्यावर. जिथे संध्याकाळनंतर बस नाही तिथे माणसांनी कशाने जायचं, हे मात्र कोणत्याच निकालात लिहिलेलं नसतं.

जूनचा पहिला आठवडा सरता सरता दोन्ही कामं आवरतात. तालुक्यातल्या कॅसलरॉकला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. २०२५च्या जुलैत अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला तेव्हा जड वाहतूक बंद करावी लागली होती. टिप्पर ताडपत्रीखाली जातो, ड्रायव्हर भाताच्या लावणीला. वाजपाचं पुढचं काम एकदम चतुर्थीला. गोव्याच्या सीमेलगतच्या घरांत गणपतीची आरती घुमटावर होते. मडक्याच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बेकायदा ठरवलं, आणि गोवा सरकारने २०१९मध्ये घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून घोषित केलं तेव्हा त्यावर बकऱ्याचं कातडं आलेलं होतं. ते दमट हवेत लवकर ढिलं पडतं. म्हणून ज्याला भाद्रपदात वाजवायचं असतं तो मे महिन्यातल्या एखाद्या फेरीतच कुंभाराकडे गाडी थांबवून मडकं उचलतो, आणि ऊन आहे तोवर कातडं चढवून घेतो.